कै. श्याम बेनेगल : चरित्र व कार्य

चित्रपट पाहणें ही मुलांस लागलेली एक खोड होय, असें बहुतेक पालक मानतात. आणि चित्रपट हा अभ्यासाच्या शिणावरचा उतारा होय, असें बहुतेक विद्यार्थी मानतात. हीं दोन्ही मतें वरवर पाहतां परस्परविरुद्ध दिसलीं, तरी त्यांच्या मुळाशीं समजूत एकच आहे. ती ही कीं, चित्रपट म्हणजे निव्वळ करमणूक, आणि करमणुकीपलीकडे त्यापासून कांहीं मिळावयाचें नाहीं. पालक ती करमणूक नको म्हणतात, मुलें ती हवी म्हणतात, एवढाच काय तो भेद. परंतु ग्रंथांत जसे वेळ घालविण्याचे ग्रंथ असतात व मनुष्यास शहाणें करणारेही ग्रंथ असतात, तसेंच चित्रपटांतही आहे. हा दुसरा प्रकार ज्यांनीं आपल्या देशांत रुजविला, त्यांत कै. श्याम बेनेगल यांचें नांव फार वरचें आहे. ता. २३ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबई येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या चरित्राचा थोडक्यांत परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, आणि त्या निमित्तानें 'कलाचित्रपट' म्हणजे काय याचाही विचार करावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

बेनेगल यांचा जन्म ता. १४ डिसेंबर १९३४ रोजीं हैदराबाद संस्थानांत, सिकंदराबादेजवळील तिरुमलगिरी येथें झाला. त्यांचें घराणें मूळचें कानडी मुलखांतलें व घरची भाषा कोंकणी. वडील श्रीधर बेनेगल हे व्यवसायानें छायाचित्रकार होते. ज्या घरीं वडिलांचें हत्यार कॅमेरा, त्या घरच्या मुलास त्याची ओढ लागावी यांत नवल नाहीं. परंतु ओढ लागणें निराळें आणि तें हत्यार हातीं घेऊन कांहीं करून पाहणें निराळें. वयाच्या बाराव्या वर्षीं वडिलांच्याच कॅमेऱ्यानें त्यांनीं आपला पहिला लहानसा चित्रपट काढला. पुढें हिंदी चित्रसृष्टींत कीर्ति पावलेले गुरुदत्त हे नात्यानें त्यांचे बंधु लागत. तेव्हां या मार्गांत पाऊल टाकण्यास नात्याचा आधार त्यांस सहज घेतां आला असता. तो न घेतां त्यांनीं जो लांबचा रस्ता धरला, तो आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

त्यांच्या बालपणीं निजामाचें राज्य होतें व खेडोपाडीं जमीनदारांचा अंमल होता. जमीन एकाची, कसणारा दुसरा. आणि कसणाऱ्याच्या श्रमांवरच नव्हे, तर त्याच्या घरादारावर व अब्रूवरही धन्याची सत्ता, अशी तेथील रीति होती. १९४६ पासून १९५१ पर्यंत तेलंगणांतील शेतकऱ्यांनीं या सत्तेविरुद्ध शस्त्र धरिलें. बेनेगल यांचें वय त्या वेळीं बारा ते सतरा वर्षांचें होतें. ज्या वयांत पाहिलेलें व ऐकलेलें जन्मभर विसरत नाहीं, तें हें वय होय. पुढें पंचवीस वर्षांनीं त्यांनीं जे पहिले दोन मोठे चित्रपट काढले, त्या दोहोंचेंही बीं याच मातींत पडलेलें होतें.

त्यांनीं उस्मानिया विद्यापीठांत अर्थशास्त्र विषय घेऊन शिक्षण पूर्ण केलें. याच काळांत हैदराबाद येथें त्यांनीं एक 'फिल्म सोसायटी' स्थापिली. फिल्म सोसायटी म्हणजे चित्रपटांचें वाचनालय म्हटलें तरी चालेल. सभासदांनीं वर्गणी काढावी, सामान्य चित्रगृहांत कधीं न येणारे देशोदेशींचे उत्तम चित्रपट मिळवावे, ते एकत्र बसून पाहावे, आणि पाहून झाल्यावर त्यांवर चर्चा करावी, असा तिचा क्रम असतो. १९५५ सालीं सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा बंगाली चित्रपट प्रसिद्ध झाला. एका गरीब खेड्यांतील एका कुटुंबाची साधी कथा इतक्या सत्यतेनें सांगतां येते, हें पाहून देशांतील जीं तरुण मनें जागीं झालीं, त्यांत बेनेगल यांचें एक होतें. राय यांचें हें ऋण ते कधींही विसरले नाहींत. पुढें स्वतः प्रसिद्धीस आल्यावर त्यांनीं राय यांच्यावर एक दीर्घ माहितीपट काढला.

१९५९ सालीं मुंबईस येऊन त्यांनीं लिंटास या जाहिरात-संस्थेंत जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी धरली. पुढें ते जाहिरातींचे लहान चित्रपट व माहितीपट काढूं लागले. त्यांचा पहिला माहितीपट 'घेर बेठा गंगा' हा १९६२ सालीं गुजराती भाषेंत निघाला. मोठा चित्रपट काढण्याची संधि येईपर्यंत त्यांनीं काढलेल्या जाहिरातपटांची व माहितीपटांची संख्या नऊशेंहून अधिक भरते, असें सांगतात. साबण, तेल, कापड यांच्या जाहिरातींत कलावंतानें आपलें आयुष्य कां दवडावें, असें कोणी म्हणेल. परंतु एका मिनिटांत सांगावयाचें तें नेमकें सांगणें, ठरलेल्या पैशांत व ठरलेल्या दिवशीं काम पुरें करणें, आणि नाना प्रकारच्या लोकांकडून गोडीगुलाबीनें काम करवून घेणें, हे तीन गुण त्यांच्या अंगीं याच शाळेंत बाणले. याशिवाय १९६६ ते १९७३ या काळांत ते पुणें येथील फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें अध्यापनही करीत. पुढें दोन वेळां ते त्या संस्थेचे अध्यक्ष झाले.

येथें, त्या काळीं चित्रपटाचा व्यवहार कसा चाले, हें सांगणें अवश्य आहे. चित्रपटास पुष्कळ भांडवल लागतें. तें सावकाराकडून किंवा वितरकाकडून येई, आणि भांडवल घालणारा आरंभींच विचारी कीं, नट कोण, गाणीं किती, नाच किती, मारामारी कोठें? हें सारें घातलें म्हणजे पैसा परत येण्याची कांहींशी हमी मिळे. ज्या कथेंत यांपैकीं कांहींच नाहीं, तिला पैसा कोण देणार? १९६० सालीं सरकारनें फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन नांवाची संस्था काढली, व १९६९ च्या सुमारास तिच्या साह्यानें मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', मणि कौल यांचा 'उसकी रोटी' असे कांहीं निराळे चित्रपट निघाले. यांसच पुढें 'समांतर चित्रपट' किंवा 'कलाचित्रपट' असें नांव पडलें. परंतु त्यांतील बरेचसे चित्रगृहांपर्यंत पोंचतच नसत. चित्रपट झाला, पारितोषिक मिळालें, आणि डबा कपाटांत गेला, अशी त्यांची गत होई.

बेनेगल यांच्याजवळ 'अंकुर' ची कथा होती. तेलंगणांत घडलेल्या एका खऱ्या प्रकारावरून ती त्यांनीं रचली होती. ती घेऊन त्यांनीं दहांहून अधिक वर्षें निर्मात्यांचे उंबरठे झिजविले. शेवटीं 'ब्लेझ' या कंपनीनें भांडवल देण्याचें कबूल केलें. ही कंपनी देशभरच्या चित्रगृहांत जाहिरातपट पुरविण्याचा धंदा करीत असे; म्हणजे चित्रगृहांशीं तिचा रोजचा संबंध होता. त्यामुळें 'अंकुर' कपाटांत न पडतां लोकांपुढें आला. जाहिरातींच्या ज्या धंद्यांत बेनेगल यांचीं इतकीं वर्षें गेलीं, त्याच धंद्यानें त्यांस अखेर दार उघडून दिलें.

'अंकुर' १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. एका जमीनदाराचा शिकलेला मुलगा बापाच्या आज्ञेनें शेतीवर राहावयास येतो. तेथें लक्ष्मी नांवाची एक मोलकरीण व तिचा मुका-बहिरा कुंभार नवरा असतो. मुलगा नव्या विचारांचा. लक्ष्मीच्या हातचें जेवण्यास तो कचरत नाहीं. पाहणारास वाटतें कीं, हा बापाहून निराळा. परंतु हळूहळू त्याची सुधारणा जिभेपुरतीच आहे, हें उघड होतें. नवरा परागंदा झाल्यावर तो लक्ष्मीस आधार देतो, आणि तिला खरी गरज लागते त्या वेळीं तोंड फिरवितो. शेवटीं कामाच्या आशेनें परत आलेल्या त्या निरपराध मुक्या मनुष्यास, स्वतःच्याच अपराधाच्या भीतीनें, तो चाबकानें फोडून काढतो. लक्ष्मी त्याला उभ्या गांवासमोर शिव्याशाप देते. सर्वजण निघून जातात; आणि मागें राहिलेला एक लहान मुलगा एक दगड उचलून त्या वाड्याच्या खिडकीवर भिरकावतो. तो दगड हाच 'अंकुर'. त्यावर व्याख्यान नाहीं, गाणें नाहीं, स्पष्टीकरण नाहीं.

या चित्रपटांतील माणसें जी दख्खनी हिंदी बोलतात, ती त्या मुलखांत खरोखर बोलली जाते. पुस्तकी हिंदी तेथें ऐकूं येत नाहीं. चित्रण कारखान्यांत उभारलेल्या खोट्या घरांत न करतां प्रत्यक्ष खेड्यांत झालें. शबाना आझमी यांचा प्रसिद्ध झालेला हा पहिलाच चित्रपट. त्यांस व कुंभाराचें काम करणारे साधू मेहेर यांस राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं. कॅमेरा गोविंद निहलानी यांनीं चालविला. पुढें तेही दिग्दर्शक झाले, आणि त्यांचा १९८३ चा 'अर्धसत्य' हा श्री. दा. पानवलकर यांच्या मराठी कथेवरून निघाला, हें मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

दुसरा चित्रपट 'निशांत', १९७५ सालचा. याची पटकथा मराठींतील प्रसिद्ध नाटककार विजय तेंडुलकर यांनीं लिहिली. ही एका शाळामास्तराची कथा आहे, म्हणून शाळेच्या वार्षिकांत तिचा उल्लेख थोडा विस्तारानें केला तर वावगें होणार नाहीं. १९४५ चा सुमार. तेलंगणांतील एका गांवीं एक मास्तर बायको-मुलासह बदलून येतो. गांवच्या जमीनदाराचे भाऊ त्याच्या पत्नीस घरांतून उचलून नेतात. सारा गांव आपल्या दारांत उभा राहून पाहतो. कोणी हूं कीं चूं करीत नाहीं. मास्तर पोलिसांकडे जातो, वरच्या अधिकाऱ्यांकडे जातो; सर्वत्र त्याला कोरडी सहानुभूति मिळते, न्याय मिळत नाहीं. अखेर देवळाचा पुजारी व मास्तर मिळून लोकांस जागे करतात. परंतु वर्षानुवर्षें दबलेला राग एकदां उसळला म्हणजे त्याला लगाम राहत नाहीं. त्या क्षोभांत अपराधी व निरपराधी हा भेदही वाहून जातो. अन्याय सोसणें वाईट, हें या कथेंत आहेच. पण अन्याय फार दिवस सोसला म्हणजे त्याचा शेवटही शुद्ध राहत नाहीं, हें त्याहून कठीण सत्यही तींत आहे. म्हणून पहिल्याच दिवशीं दारांत उभ्या असलेल्यांपैकीं एकानें जरी पाऊल पुढें टाकलें असतें तर, हा विचार चित्रपट संपल्यावर आपला पिच्छा सोडीत नाहीं.

याच वर्षीं त्यांनीं मुलांकरितां 'चरणदास चोर' हा चित्रपट काढला. हबीब तन्वीर यांच्या नाटकावरून तो घेतलेला असून, कधीं खोटें न बोलणाऱ्या एका चोराची ती छत्तीसगडी लोककथेच्या वळणाची गमतीची गोष्ट आहे. या चित्रपटांत स्मिता पाटील ही मुलगी प्रथम त्यांच्याकडे आली. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचीत असे; त्या बातम्यांवरूनच बेनेगल यांनीं तिची पारख केली. पुढें १९८६ सालीं अवघ्या एकतिसाव्या वर्षीं ती निवर्तली. परंतु तेवढ्या अल्प काळांत तिनें जें काम केलें, त्याची आठवण अजून ताजी आहे.

आतां आम्ही अशा चित्रपटाकडे वळतों, ज्याच्या उभारणीची हकीकत त्याच्या कथेइतकीच बोधप्रद आहे. गुजराथेंत आणंद येथें १९४६ पासून दूध उत्पादकांची सहकारी चळवळ सुरू झाली होती. पूर्वीं गवळ्याचें दूध खाजगी व्यापारी मन मानेल त्या भावानें घेत. तोलमापांत लबाडी होई, आणि उन्हाळ्यापावसाळ्यांत ज्याची गाय त्याच्याच घरीं उपास पडे. सहकारी मंडळींत प्रत्येकाचें दूध मोजून, त्यांतील स्निग्धांश तपासून, त्याप्रमाणें दाम हातावर ठेवण्याची रीति पडली. डॉ. वर्गीस कुरियन यांनीं हें काम फार वाढविलें. बेनेगल यांनीं या चळवळीवर माहितीपट काढले होते. परंतु माहितीपट पाहणारे बहुधा आधींच पटलेले लोक असतात. खेड्यांतील माणसाच्या मनाला भिडावयाचें तर गोष्टच सांगितली पाहिजे, असें त्यांस वाटूं लागलें. गोष्टीच्या चित्रपटास सुमारें दहा लाख रुपये हवे होते. ते कोठून आणावे?

कुरियन यांनीं तोड काढली. गुजराथच्या सहकारी दूध संघाचे पांच लाख शेतकरी सभासद होते. प्रत्येकानें आपल्या दुधाच्या दामांतून फक्त दोन रुपये द्यावे, असें ठरलें. पांच लाख गुणिले दोन, म्हणजे दहा लाख. हिशेब तिसऱ्या इयत्तेंतील मुलासही करतां येईल असा. परंतु एवढा सोपा हिशेब जगांत त्यापूर्वीं कोणी करून पाहिला नव्हता. येणेंप्रमाणें १९७६ सालीं 'मंथन' तयार झाला, आणि त्याच्या आरंभीं पडद्यावर अक्षरें आलीं, त्यांचा आशय असा कीं, गुजराथचे पांच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करीत आहेत. बड्या शेठजीचें नांव यावयाचें तेथें हीं अक्षरें होतीं.

चित्रपटाचे निर्माते तेच, आणि प्रेक्षकही तेच. आपण पैसे घातलेला चित्रपट पाहावयास खेड्यापाड्यांतून माणसें ट्रकमधून शहरांत आलीं. पुढें लहान आकाराच्या प्रति काढून तो दूरदूरच्या खेड्यांत दाखविण्यांत आला, व नव्या सहकारी मंडळ्या स्थापण्याच्या कामीं त्याचा उपयोग झाला.

कथा अशी. डॉ. राव नांवाचा एक पशुवैद्य सहकारी मंडळी काढण्यासाठीं एका खेड्यांत येतो. दुधाचा खाजगी व्यापारी त्याला विरोध करतो, हें ओघानेंच आलें. परंतु खरी अडचण गांवांतच असते. सरपंचाला मंडळी हवी, पण ती आपल्या मुठींत हवी; आणि दलित वस्तींतील लोकांस या शहरी पाहुण्यावर विश्वास ठेवण्याचें कारण दिसत नाहीं, कारण पूर्वींच्या एका पाहुण्यानें त्यांस फसविलेलें असतें. एकाच चरवींत सर्वांचें दूध ओतलें जाणार, आणि मताच्या पेटींत सर्वांची चिठ्ठी सारखीच मोजली जाणार, ही गोष्ट बोलण्यास सोपी व सोसण्यास फार कठीण, हें या चित्रपटांत डोळ्यांपुढें उभें राहतें. शेवटीं डॉ. राव यांची बदली होते. त्यांच्यावांचून सर्व मोडणार असें वाटतें, तोंच गांवांतला भोळा नांवाचा तरुण, जो आरंभीं सर्वांत अधिक संशयी असतो, तोच तें काम हातीं घेतो. बाहेरून आलेला उपकारकर्ता निघून गेल्यावर जें उरतें तेंच खरें काम, हा या कथेचा अर्थ आम्हांस वाटतो.

या चित्रपटास उत्कृष्ट हिंदी चित्रपट म्हणून व तेंडुलकर यांस पटकथेबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. मूळ फिल्म कालांतरानें खराब झाली होती; ती तज्ज्ञांनीं परिश्रमपूर्वक दुरुस्त केली, आणि २०२४ च्या मे महिन्यांत फ्रान्समधील कान येथील जगप्रसिद्ध महोत्सवांत ती पुन्हां दाखविण्यांत आली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीं दिलेल्या त्या दोन रुपयांचें चीज झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

मराठी भाषेचें व बेनेगल यांचें नातें तेंडुलकरांपुरतेंच नव्हतें. १९७७ चा 'भूमिका' हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून घेतलेला आहे. 'संत सखू', 'लोकशाहीर रामजोशी' यांसारख्या बोलपटांनीं ज्या नटीस महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें, तिचें खाजगी जीवन किती दुःखाचें होतें, हें त्या पुस्तकानें प्रथम लोकांपुढें आणलें. लहानपणींच जिच्या कमाईवर घर चालूं लागलें, ती पुढें ज्या ज्या घरांत आसरा शोधते, तें तें घर तिला निराळ्या प्रकारचा पिंजरा ठरतें. स्मिता पाटील यांस या कामाबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षींचा 'कोंडुरा' हा चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या त्याच नांवाच्या मराठी कादंबरीवरून निघाला, आणि तो हिंदीप्रमाणें तेलुगूंतही झाला. ज्यांची घरची भाषा कोंकणी, बालपण तेलंगणांत, कथा मराठी व संवाद हिंदी, अशा या गृहस्थांस एका प्रांताचें म्हणणें अवघडच.

गोमंतकाचें चित्रही त्यांनीं रेखाटलें. 'त्रिकाल' हा १९८५ चा चित्रपट १९६१ च्या सुमारच्या एका गोमंतकीय ख्रिस्ती घराण्याचा आहे. पोर्तुगीज सत्ता मावळण्याच्या बेतांत आहे. घरांतील कर्ता पुरुष वारला आहे, त्याची विधवा तें दुःख मानावयास तयार नाहीं. आणि बाहेर बदलणारें जग दारावर थाप मारीत आहे. प्रसिद्ध व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या लोटली गांवच्या वडिलोपार्जित वाड्यांत याचें चित्रण झालें. रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडांत टिपलेले असल्यामुळें तें जुनें घर एखाद्या जुन्या तैलचित्रासारखें दिसतें. या चित्रपटाबद्दल बेनेगल यांस दिग्दर्शनाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

त्यांच्या सर्वच चित्रपटांचा परामर्श येथें घेणें शक्य नाहीं. १८५७ च्या बंडाच्या वेळचा 'जुनून', महाभारताची कथा आधुनिक व्यापारी घराण्यांत घडविणारा 'कलयुग', विणकरांच्या सहकारी संस्थांच्या साह्यानें निघालेला 'सुस्मन', धर्मवीर भारती यांच्या कादंबरीवरील 'सूरज का सातवां घोडा', फाळणीनें दुरावलेल्या एका वृद्ध स्त्रीची करुण कथा सांगणारा 'मम्मो', हे त्यांतील कांहीं प्रमुख होत. परंतु सर्वांत अधिक घरांत जर त्यांचें कोणतें काम पोंचलें असेल, तर तें १९८८ सालीं दूरदर्शनवर सुरू झालेली 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका होय. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथाच्या आधारें, सिंधुसंस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा इतिहास त्यांनीं उलगडून दाखविला. आजच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांपैकीं अनेकांनीं ती रविवारीं सकाळीं सहकुटुंब पाहिली असेल. २०१४ सालीं भारताची घटना कशी तयार झाली, यावर 'संविधान' ही दहा भागांची मालिका त्यांनीं काढली. नागरिकशास्त्राचें पुस्तक ज्यांस रुक्ष वाटतें, त्यांनीं ती अवश्य पाहावी.

सरकारनें त्यांस १९७६ सालीं 'पद्मश्री', १९९१ सालीं 'पद्मभूषण' या पदव्या दिल्या व २००५ सालचें दादासाहेब फाळके पारितोषिक देऊन त्यांचा गौरव केला. २००६ ते २०१२ पर्यंत ते राज्यसभेचे नियुक्त सभासद होते.

एवढी स्तुति केल्यावर दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. बेनेगल यांच्या चित्रपटांत मधला मार्ग काढलेला आहे, असें कांहीं टीकाकार म्हणत. ज्यांस नव्या धर्तीची शुद्ध कला हवी त्यांस ते फार सुबोध वाटत, आणि ज्यांस गाणींनाच हवे त्यांस फार गंभीर. दुसरा आक्षेप असा कीं, सहकारी संघ, राज्य सरकारें, खातीं यांच्या पैशानें चित्रपट काढणारा मनुष्य त्यांच्या दोषांवर बोट कसें ठेवणार? हा प्रश्न पोकळ नाहीं. २०२३ सालीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, बांगला देशाचे पुढारी शेख मुजीब यांच्यावर त्यांनीं काढलेला चित्रपट दोन सरकारांच्या साह्यानें निघाला, आणि त्यांत नायकाच्या चुका फारशा दिसत नाहींत, अशी टीका त्याच्यावर झाली. आमच्या मतें, पैसा कोणाचाही असो, तो कांहीं तरी मागतोच. सावकाराचा पैसा नाच-गाणें मागतो, सरकारचा पैसा स्तुति मागतो. पांच लाख शेतकऱ्यांच्या दोन रुपयांनीं मात्र एवढेंच मागितलें कीं, आमचें जिणें खरें दाखवा. आणि म्हणूनच त्या पैशाचा चित्रपट सर्वांत निर्मळ उतरला.

मग कलाचित्रपट म्हणजे काय? जो कळत नाहीं तो, अशी एक थट्टेची व्याख्या प्रचलित आहे. बेनेगल यांच्या कामावरून पाहतां ती खोटी ठरते. त्यांचा 'मंथन' अक्षरशत्रु गवळ्यांस कळला. आमच्या समजुतीनें, जो चित्रपट प्रेक्षकास आपल्या आयुष्यापासून दूर पळवून नेत नाहीं, तर अधिक स्पष्ट डोळे देऊन त्याच आयुष्यांत परत पाठवितो, तो कलाचित्रपट. 'अंकुर' पाहून आल्यावर घरीं भांडीं घासणाऱ्या बाईकडे पाहण्याची आपली दृष्टि किंचित् जरी बदलली, तरी त्या चित्रपटाचें काम झालें.

शेवटीं पालकांस आमची एक विनंति आहे. मुलांस चित्रपट पाहूं नका असें सांगून तीं ऐकत नाहींत, हा सर्वांचा अनुभव आहे. आतां तर चित्रपट घरांत, हातांतल्या यंत्रावरही येतो. तेव्हां मनाई करण्यापेक्षां सोबत बसावें. बेनेगल यांचे कांहीं चित्रपट प्रौढांसाठींच आहेत, ते मागें ठेवावे. परंतु 'मंथन', 'भारत एक खोज', 'चरणदास चोर' हीं सर्वांनीं मिळून पाहण्यासारखीं आहेत. आणि पाहून झाल्यावर दिवा लावून दहा मिनिटें बोलावें. या गांवांत कोणाचें म्हणणें कोणीं ऐकलें नाहीं? दारांत उभे राहून कोण कोण पाहत होते? आपण तेथें असतों तर काय केलें असतें? हैदराबादच्या त्या फिल्म सोसायटींत यापेक्षां निराळें कांहीं होत नसे.

आणि विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें एवढेंच. बारा वर्षांच्या मुलानें वडिलांच्या कॅमेऱ्यास प्रथम हात लावला, त्या दिवसापासून 'अंकुर' पडद्यावर येईपर्यंत सत्तावीस वर्षें लोटलीं. त्या सत्तावीस वर्षांत त्यानें अर्थशास्त्र शिकून घेतलें, जाहिराती लिहिल्या, शेंकडों लहान चित्रपट काढले, इतरांस शिकविलें, आणि आपली एक कथा जपून ठेवली. नव्वदावा वाढदिवस झाल्यावर नऊच दिवसांनीं तो मुलगा हें जग सोडून गेला. त्यानें मागें ठेवलेलें काम अजून पाहावयास मिळतें. तें पाहणें आतां आपल्याकडे आहे.